शीड उतरवलेल्या होड्या

डोंबिवली पूर्व
३ सप्टेंबर २०२५

मंदाताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कोणी आजारी नाही. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्यांना ऐकवून बोलायचं, आणि हे मला रुचिताच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिच्याकडे टांगा मागितला.

तुला बरंचसं माहीत आहे, तरी सगळं लिहितो. उद्या हे पत्र कोणाला दाखवावं लागलं तर त्यालाही कळलं पाहिजे.

माझा मुलगा सुशांत मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनीअर होता. जहाज दरबानहून सुमात्राकडे निघालं आणि हिंदी महासागरात बुडालं. माणसं दोन लाइफबोटींत उतरली. एक सापडली. तिच्यातल्या लोकांनी सांगितलं की सुशांत दुसऱ्या बोटीत होता, जिवंत होता, हात हलवत होता, आणि ती बोट वाहत पूर्वेला गेली. पुढे तिचा पत्ता नाही. बोट नाही, तिचं फळकूटही नाही.

गेल्या जुलैत याला सात वर्षं झाली. सात वर्षं खबर नाही की कायदा माणसाला मेलेला धरतो. माझ्या सुनेने कल्याणच्या कोर्टात अर्ज केला आहे, माझा नवरा मयत जाहीर करा. वकील म्हणतो, सासऱ्याने हरकत घेतली नाही तर काम सरळ आहे. मी हरकत घेणार आहे.

वकील म्हणाला, "काका, आधार काय देणार? तिथे जमीनच नाही, सगळं पाणी." कोण म्हणतं जमीन नाही? आजचा नकाशा म्हणतो. आणि जुने नकाशे काय म्हणतात? मी नेटवरून एक डच नकाशा छापून घेतला आहे, तीनशे वर्षांपूर्वीचा. सुशांतची बोट ज्या बाजूला गेली, तिथे त्यावर एक बेट आहे. शंभरेक वर्षं ते सगळ्यांच्या नकाशांवर होतं. मग इंग्रजांच्या जहाजांना ते दिसलं नाही, म्हणून आधी "अस्तित्व संशयास्पद" लिहिलं आणि पुढे खोडूनच टाकलं. यांना दिसलं की शोध लागला, यांना दिसलं नाही की ते नव्हतंच! हा कुठला न्याय?

तू म्हणशील, डच माणूस चुकला असेल. म्हणून दुसरा साक्षीदार आणला आहे. मोहन्याच्या कंपनीत माझ्याबरोबर कमलेश होता, आठवतो? कच्छी. त्याचे पूर्वज मांडवीचे नाखवे. त्याच्याकडे कापडावर काढलेला घरचा नकाशा आहे, दक्षिण वर आणि उत्तर खाली. त्यावरही तेच बेट आहे, ताई. त्याच बाजूला. बेटावर एक माड काढला आहे आणि एक घागर. घागर म्हणजे गोडं पाणी.

फोटो पाठवतो आहे. तू आयुष्यभर नकाशांच्या ग्रंथालयात बसलीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. मला कोर्टासाठी दोन ओळी लिहून दे की असं बेट असू शकतं. "आहे" म्हणू नकोस. "असू शकतं" एवढंच म्हण.

रतन

*

नौपाडा, ठाणे
११ सप्टेंबर २०२५

प्रिय रतन,

तुझं अक्षर अजून शाळेतलंच आहे, रागावलास की ओळ वर चढते. शेवटच्या पानावर तर ती छताला लागली होती.

आधी तुला न आवडणारं सांगते. नसलेली बेटं जुन्या नकाशांवर ढिगाने सापडतात. ढगाला जमीन समजून कोणी टिपून ठेवायचं, मग पन्नास जण एकमेकांचं बघून तेच कोरायचे. पन्नास नकाशांवर बेट आहे म्हणजे पन्नास साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार आणि एकोणपन्नास नक्कल करणारे. तुझ्या डच नकाशावर मी फुटकी कवडी लावणार नाही.

पण कमलेशचा नकाशा वेगळा आहे. फोटो उघडला आणि चहा तसाच राहिला. आपले नाखवे ताऱ्याची उंची हाताच्या बोटांनी मोजायचे आणि अंतर प्रहरांत धरायचे, एका प्रहरात दहा-बारा मैल. या नकाशावर बेटाशेजारी ताऱ्याची बोटं लिहिली आहेत, आणि मादागास्करच्या टोकापासून बेटापर्यंत छोट्या होड्यांची रांग आहे, एका प्रहराला एक होडी. असं काम मी आजवर दोनदाच पाहिलं आहे, तेही काचेआड. कापड फार तर दोनशे वर्षांचं असेल, पण अक्षरांचं वळण त्याहून जुनं आहे. ही जुन्या नकाशाची नक्कल आहे. तसं असेल तर तिकडच्या पाण्यात गोऱ्यांच्या आधी आपली माणसं जाऊन आली होती, आणि पुस्तकं म्हणतात तसा "शोध" त्यांनी लावलाच नाही. त्यांनी फक्त नाव ठेवलं.

यावरून कोर्टाला काहीही लिहून देणार नाही. मूळ कापड बघायचं आहे. मोहन्याला कधी जायचं ते कळव. गुडघे कुरकुरतात, रिक्षा करावी लागेल.

रुचिता कशी आहे? तिच्याशी बोललास का?

मंदा

*

डोंबिवली पूर्व
१६ सप्टेंबर २०२५

मंदाताई,

तुझं पत्र मी गच्चीवर जाऊन वाचलं. पाण्याच्या टाकीला टेकून रडलो, खोटं कशाला सांगू. सात वर्षांत "वेगळा आहे" असं मला कोणीच म्हणालं नव्हतं. सगळे म्हणायचे, "रतनभाऊ, सावरा आता."

आपली माणसं तिथे जाऊन आली, हे तूच लिहिलंस. मग ती उतरली कुठे? पाण्यावर? वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतची वाट एका पायलटाने दाखवली. त्याला ही वाट तोंडपाठ होती. पण शाळेत सान्वी काय पाठ करते? वास्को द गामाने मार्ग शोधला. रस्ता दाखवणारा विसरला आणि विचारणारा मोठा झाला. ज्यांनी मार्गाच्या बाबतीत असं केलं, ते बेटाच्या बाबतीत का करणार नाहीत? त्यांच्या माणसाला सापडलं नाही म्हणून आपल्या माणसाने बघितलेलं बेट पुसून टाकायचं, आणि त्यावर आज माझ्या मुलाला मेला म्हणायचं.

मी होड्या मोजल्या आहेत. सगळं गणित मांडून झालं. एकेका होडीला बारा मैल धरले की बेट बरोबर त्या जागी येतं, जिकडे लाइफबोट वाहत गेली. डच नकाशाशी जुळतं! दोन साक्षीदार, ताई, आणि एकमेकांना न ओळखणारे. तिथे पाणी आहे, नारळ आहे, सुशांत इंजिनीअर आहे, हातात कसब आहे. माणसं याहून वाईट ठिकाणी जगली आहेत.

रुचिताचं म्हणशील तर तिला वकिलाने भरीस घातलं असणार. पोरीच्या गळ्यात अजून मंगळसूत्र आहे. मेला असं मनात असतं तर घातलं असतं का? तिला आत्ता काही सांगत नाही. निकाल हातात आला की एकदम सांगेन.

रविवारी मोहन्याला जाऊ. रिक्षा मी करतो. कोर्टाची तारीख नोव्हेंबरच्या शेवटी आहे, त्याआधी तुझ्या दोन ओळी हव्यात.

रतन

*

डोंबिवली पूर्व
५ ऑक्टोबर २०२५

मंदाआत्या,

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं आणि पुसत राहिले, म्हणून शेवटी कागद घेतला. तुम्ही आणि बाबा मोहन्याला गेलेलात हे मला कळलंय. बाबांना वाटतं मला काही कळत नाही. त्यांच्या गादीखाली नकाशे आहेत, चादर बदलते मीच.

तुम्हाला मागच्या महिन्यात भेटून सांगितलं तेच परत सांगते. विनीत माझ्या घोडबंदर रोडच्या ऑफिसात आहे. दोन वर्षं थांबलाय. चांगला माणूस आहे, सान्वीला जीव लावतो. कोर्टाचा कागद मिळाल्याशिवाय आम्हाला लग्न करता येणार नाही. मला हे बाबांना सांगायचं आहे पण तोंड उघडत नाही. मी मंगळसूत्र ऑफिसला जाताना पर्समध्ये ठेवते आणि घरी येताना जिन्यात घालते. आत्या, मला या जिन्याची भीती वाटायला लागली आहे.

सुशांतवर माझं प्रेम नव्हतं असं समजू नका. पहिली तीन वर्षं मी पण बेल वाजली की धावायचे. पण सान्वी नऊ वर्षांची झाली. परवा शाळेत तिने निबंध लिहिला, "माझे बाबा एका बेटावर राहतात, त्यांच्याकडे एक माड आणि एक घागर आहे." बाईंनी मला बोलावून घेतलं. मी काय सांगणार? घरी आले तर बाबा तिला कापडाचा फोटो दाखवून होड्या मोजायला शिकवत होते. दोघं इतके खूश होते की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

माझी एकच विनंती आहे. तुम्ही त्यांना सांगा की नकाशा खोटा आहे. खोटा नसला तरी सांगा. तुमचं ते ऐकतील, माझं नाही ऐकणार.

रुचिता

*

नौपाडा, ठाणे
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय रतन,

हे पत्र लिहायला मला फार वेळ लागला. तू रोज पोस्टमनची वाट बघत असशील हे कळत होतं, तरी हात चालत नव्हता.

मला कोणीतरी विनवलं होतं की रतनला नकाशा खोटा आहे असं सांग. मी सांगणार नाही. तो खोटा नाही. इतका खरा नकाशा मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत हाताळला नव्हता. म्हणूनच पुढचं नीट वाच, मध्येच उठून गच्चीवर जाऊ नकोस.

मोहन्याला कमलेशने कापड पलंगावर पसरलं, तेव्हा तू मला बेट दाखवत होतास आणि मी होड्या बघत होते. फोटोत त्या सारख्या दिसतात. कापडावर दिसत नाहीत. मी काढून आणलेले जवळचे फोटो भिंगाखाली घेऊन चार दिवस बसले. काही होड्यांना शीड आहे. निम्म्याहून थोड्या जास्त होड्यांना शीड नाही, नुसती डोलकाठी आहे. तुला ती घाईत काढलेली चित्रं वाटली. पण त्या होड्या मधूनमधून नाहीत, एका जागी झुंडीने आहेत, आणि तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरात "पवन नहीं" लिहिलं आहे.

वारा पडला की शीड उतरवायचं. आपले वडील गलबतावर तांडेल होते, हे मी तुला शिकवायला नको. गलबत जागच्या जागी उभं राहायचं, पण नाखवा प्रहर लिहीत राहायचा, कारण पिण्याचं पाणी प्रहरागणिक कमी होत होतं. त्या होड्या वेळ सांगतात, अंतर सांगत नाहीत. तू सगळ्यांना बारा मैल दिलेस. डच माणसानेही असाच एखादा नकाशा बघून तेच केलं असणार. त्याचं बेट तुझ्या गणिताशी जुळतं, कारण तुम्ही दोघांनी एकच चूक केली.

नुसत्या शिडाच्या होड्या मोज, रतन. बेट कितीतरी पश्चिमेला येतं. ताऱ्याच्या बोटांवरून उत्तर-दक्षिण जागा काढ. मी तीनदा काढली. ते रॉड्रिग्ज आहे. मॉरिशसच्या पलीकडचं, आजच्या प्रत्येक शालेय नकाशावर असलेलं. माणसं राहतात, शाळा आहेत, हॉटेलं आहेत, विमानतळ आहे.

तुझा मुद्दा बरोबर निघाला. गोऱ्यांच्या कितीतरी आधी आपला कोणी नाखवा तिथे उतरला, त्याने घागरी भरल्या आणि परतीची वाट लिहून ठेवली. पुढे युरोपात त्याची वाट चुकीची वाचली, एकाची दोन बेटं झाली, खऱ्यावर त्यांनी आपलं नाव घातलं आणि त्याचं म्हणून जे होतं ते काल्पनिक ठरवून खोडलं. हे सिद्ध करता येईल असं मला वाटतं. मी हे छापायला देईन, आणि देताना मला आनंद होईल, आणि त्या आनंदाची मला लाज वाटते आहे.

कारण पूर्वेला काही नाही, रतन. तिकडे पाणीच आहे.

मंदा

*

डोंबिवली पूर्व
२५ ऑक्टोबर २०२५

मंदाकिनीबाई,

कोणी विनवलं ते मला कळलं. तुझं पत्र हातात घेऊन मी घरात ओरडलो, तेव्हा रुचिताने सगळं सांगून टाकलं. लग्न करायचं आहे तिला. तुला महिनाभर आधी माहीत होतं, मोहन्याला माझ्याशेजारी रिक्षात बसून आलीस तेव्हाही माहीत होतं.

तिच्यासाठी तू त्या होड्यांची शिडं उतरवलीस.

सान्वी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. मी तिच्या आईला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

तुला छापायला निबंध मिळाला, तिला नवरा मिळाला. माझ्या हातात काय आलं? एक हॉटेलवालं बेट? मी कोर्टात हरकत घेणार, तुझ्या ओळींशिवाय घेणार. पुन्हा पत्र पाठवू नकोस.

रतन

*

नौपाडा, ठाणे
३० ऑक्टोबर २०२५

रतन,

एकदाच लिहिते. रुचिताचं मी तुझ्यापासून लपवलं, त्याबद्दल हवं ते बोल. शिडं मी उतरवली नाहीत. कमलेशकडे जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मी खोटं सांगितलं असतं तर ते तुला आवडेल असंच सांगितलं असतं. माझा भाऊ आहेस तू.

पोरीवर ओरडू नकोस.

मंदा

*

डोंबिवली पूर्व
२८ नोव्हेंबर २०२५

मंदाताई,

तुझं पत्र आल्यावर मी मोहन्याला गेलो. कमलेश घरात नव्हता, त्याच्या बायकोने कापड काढून दिलं. खिडकीशी धरून बघितलं. शिडं नाहीत.

तरीही मी सुटलो नाही. वाटेत मनाशी म्हटलं, ठीक आहे, रॉड्रिग्ज तर रॉड्रिग्ज. बोट पूर्वेला गेली असं लोकांनी सांगितलं, पण घाबरलेल्या माणसांना दिशा काय कळणार? कदाचित पश्चिमेला गेली असेल. कदाचित तिथल्याच किनाऱ्याला लागली असेल. डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. असं होतं, मी वाचलं आहे. मी लगेच नेटवर बसलो आणि तिथल्या इस्पितळाचा नंबर काढला.

दुपारी घरात कोणी नसताना फोन लावला. मला वाटलं खरखर होईल, लागणारच नाही, लागला तरी कट होईल. दुसऱ्या रिंगला एका बाईने उचलला. फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, मग माझं इंग्रजी ऐकून इंग्रजीत आली. मी नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. ती म्हणाली, थांबा. फोन बाजूला ठेवला. मला तिच्या चपलांचा आवाज येत होता, ताई. मागे एक लहान मूल रडत होतं, कोणाचा तरी मोबाइल वाजला, कोणीतरी हसलं. शेजारच्या फ्लॅटमधून यावा इतका स्वच्छ आवाज. ती परत आली आणि म्हणाली, असं कोणी नाही, कधीच नव्हतं. मग म्हणाली, "तुमचा मुलगा का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "इथे असता तर त्याने तुम्हाला फोन केला असता."

एवढंच बोलली. रागाने नाही, समजावूनही नाही. अगदी साधं, जसं आपण म्हणतो की तो घरी असता तर दार उघडलं असतं.

सात वर्षं मी असं बेट शोधत होतो जिथून फोन करता येत नाही. कारण तसं बेट असेल तरच तो जिवंत आणि गप्प, दोन्ही असू शकतो. दुसरं कुठलंही बेट मला चालणारच नव्हतं. तू मला खरं बेट काढून दिलंस आणि तिथे रेंज निघाली.

फोन ठेवला. मग सान्वी शाळेतून आली. दप्तर ठेवून नेहमीसारखी गादीखालचे नकाशे काढायला लागली. मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, "का, आजोबा?" तिला मांडीवर घेतलं. नऊ वर्षांची घोडी झाली आहे, पाय खाली लोंबतात, तरी बसली.

काल तारीख होती. रुचिता समोरच्या बाकावर होती, तो विनीत बाहेर जिन्याशी उभा होता. आत आला नाही, एवढी अक्कल आहे त्याला. न्यायाधीश तरुण बाई आहेत. त्यांनी विचारलं, "काका, तुमची हरकत आहे का?" माझा वकील उठायला लागला, मी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, नाही. मग त्यांनी शपथेवर विचारलं, या सात वर्षांत मुलाची काही खबर, पत्र, फोन? लेखनिक टाइप करायला थांबला होता. मी म्हटलं, "नाही बाई. आला असता तर त्याने पहिला फोन मलाच केला असता."

रुचिता तिथेच तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. मीच तिला धरून बाहेर आणलं. मी जे बोललो होतो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीपण आमच्याबरोबर या राहायला." मी म्हटलं, बघू. जाणार नाही, पण तिने विचारलं.

तुझा निबंध छाप. त्या नाखव्याचं नाव कापडावर कुठेच नाही, तर "नाव माहीत नाही" असं मोठ्या अक्षरात छाप. पण सुशांतचं नाव त्यात कुठेही येऊ देऊ नकोस, आभारातसुद्धा नाही. त्याने काही शोधलं नाही, त्याला कोणी शोधलं नाही.

माझा मुलगा गेला, ताई. सात वर्षांत हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहून त्याच्याकडे बघतो आहे आणि वाटतं आहे की हे माझं अक्षरच नाही. तुला जमलं तर रविवारी ये. गुडघे दुखत असतील तर मी न्यायला येतो. एकट्याने मला हे घरात ठेवून घेता येत नाही.

रतन